मेंदूविज्ञान आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर संशोधक म्हणून घडताना : पदवीपासून स्वतःच्या लॅबपर्यंत

संगणकशास्त्र शिकलेले विद्यार्थी मला विचारतात, "मेंदूवर काम करायचंय, पण जीवशास्त्राशी कधी संबंधच आला नाही. उशीर झाला का?" जीवशास्त्राकडून आलेले विचारतात, "गणित सुटून किती वर्षं झाली, कोड जेमतेम लिहिता येतो. माझा निभाव लागेल का?" दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. उशीर झालेला नाही, आणि निभाव लागतो. या सीमेवरच्या नामवंत संशोधकांकडेच पाहा. जेफ्री हिंटन यांची पदवी प्रायोगिक मानसशास्त्रातली, पीएचडी मात्र एडिनबरामधली आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्समधली. डेमिस हसाबिस केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकले, काही वर्षं व्हिडिओ गेम बनवले आणि मग युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये एलिनॉर मॅग्वायर यांच्या हाताखाली स्मृतीवर काम करून २००९ मध्ये पीएचडी झाले. टेरी सेज्नोव्स्की यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली. लॅरी अ‍ॅबट तर कणभौतिकीत प्राध्यापकी करून मग मेंदूकडे वळले.

विषय ओलांडणं जमून जातं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दोन विषयांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचं काम दोन तराजूंत तोललं जातं, आणि त्या तराजूंची वजनं सारखी नसतात. एकीकडे जे उत्तम, ते दुसरीकडे 'ठीक आहे' ठरतं. सीमेवर अडकून पडलेली जी माणसं मी जवळून पाहिली, त्यांच्यापैकी कुणाचीही बुद्धी कमी पडली नव्हती. आपलं काम शेवटी कोण तोलणार आहे, हा प्रश्न त्यांनी वेळेवर विचारला नव्हता. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे.

पायरी १ : माहेर ठरवा

'मेंदू आणि संगणक' हा एकच विषय वाटतो, पण त्यात निदान तीन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम म्हणजे संगणकाच्या मदतीने मेंदू अभ्यासणं. व्हिडिओमधून प्राण्याच्या हालचाली टिपणारं डीपलॅबकट हे २०१८ मध्ये आलेलं साधन या प्रकारात येतं. २०२४ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, म्हणजे सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा, जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. पेशींच्या कडा आधी यंत्राने ओळखल्या आणि मग माणसांनी एकेक चूक हाताने सुधारली. दुसरं काम म्हणजे मेंदूचा सिद्धांत. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूमधल्या विद्युत लहरीची समीकरणं मांडली, आणि हक्सले यांनी ती हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली. तिसरं काम मेंदूकडून कल्पना घेऊन यंत्र घडवण्याचं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन व्हिझल यांनी मांजराच्या दृश्य-कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाह्यथरातल्या पाहण्याशी संबंधित भागात) जे पाहिलं, त्यावरून कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन नावाचं कृत्रिम नेटवर्क रचलं, आणि आजची चित्रं ओळखणारी नेटवर्क्स त्याच वंशातली आहेत.

पहिल्या प्रकाराचे परीक्षक बहुतेक प्रयोग करणारे असतात. "यातून मेंदूबद्दल नवं काय कळलं?" असं ते विचारतात. दुसऱ्या प्रकारात विचारतात, "हा सिद्धांत खोटा कसा ठरवता येईल?" तिसऱ्यात विचारतात, "आधीच्या पद्धतीपेक्षा किती चांगलं चालतं?" एकच पेपर तिन्ही प्रश्नांना पुरा पडत नाही.

आपण कुठे बसतो हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. तुमचं मॉडेल डेटाशी जुळलं नाही, तर तुमचा हात आधी कुठे जातो? प्रयोगाची नोंदवही उघडून त्या दिवशी प्राण्याला काय झालं होतं हे बघावंसं वाटलं, तर तुम्ही मनाने प्रयोगवाले आहात. समीकरणातलं गृहीतक चुकलं का हे शोधावंसं वाटलं, तर सिद्धांतवाले. आणि मेंदूशी जुळलं नाही तरी चालेल, काम फत्ते झालं म्हणजे पुरे, असं वाटलं तर तुमचं माहेर संगणकशास्त्र आहे. तिन्ही उत्तरं चांगली आहेत. वाईट आहे ते उत्तर टाळत राहणं.

दोन्ही अर्धे-अर्धे शिकून पूल बांधता येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत उलटं आहे. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचंच उदाहरण घ्या. वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेत होते. अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की पेशींचे विद्युत संकेत वाढायचे. थेंबाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, की पेशी दिव्याला प्रतिसाद द्यायच्या आणि रसाला शांत राहायच्या. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा वेग खाली यायचा. दुसरीकडे रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो संगणकशास्त्रात यंत्राने बक्षिसावरून कसं शिकावं याचं गणित करत होते. त्यात अपेक्षा आणि वास्तव यांच्यातल्या फरकाला मध्यवर्ती जागा होती. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांना पेशींच्या नोंदींचा आणि गणितातल्या या फरकाचा आलेख एकच आहे हे दिसलं, आणि शुल्ट्झ यांच्यासोबत त्यांचा पेपर १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. यात कुणीही अर्धवट नव्हतं. प्रयोग पक्का होता, गणित पक्कं होतं, आणि जोडणाऱ्यांना दुसऱ्याची भाषा नीट वाचता येत होती. माहेर एक असावं, आणि दुसऱ्या घरी पाहुण्यासारखं न राहता घरकाम करता यावं, इतकंच म्हणायचंय.

पायरी २ : राहिलेली बाजू भरून काढा

जीवशास्त्राकडून येणाऱ्यांनी चार गोष्टी पक्क्या कराव्यात : लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता, कॅल्क्युलस आणि पायथन. याच क्रमाने. मशीन लर्निंगचा कोर्स आधी घेऊ नका. मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर म्हणजे काय हे डोळ्यांसमोर उभं राहत नसेल, तर शंभर पेशींच्या नोंदींतून काढलेले 'मुख्य घटक' तुम्हाला फक्त रंगीत चित्र वाटतील. कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवायची सवय लावा.

संगणकशास्त्राकडून येणाऱ्यांना पेशी, सायनॅप्स (पेशींमधले जोड), मेंदूचे भाग हे पुस्तकातून शिकता येतं आणि शिकलंच पाहिजे. पण त्यांच्याकडे जे नसतं ते पुस्तकात मिळत नाही. सिग्नल कुठून येतो आणि वाटेत त्याचं काय होतं, याचा अंदाज त्यांना नसतो. त्यासाठी निदान काही महिने प्रयोगाच्या खोलीत काढा. मी हे कळवळून सांगते, कारण मला ते उशिरा कळलं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला उंदरांच्या श्रवण-कॉर्टेक्समधल्या नोंदी मिळाल्या. दोनपैकी एक आवाज वाजायचा, त्यानुसार उंदीर डावीकडे किंवा उजवीकडे चाटायचा आणि बरोबर असेल तर त्या बाजूच्या नळीतून पाणी मिळायचं. पेशींच्या स्पाइकवरून (क्षणिक विद्युत ठोक्यांवरून) कोणता आवाज होता हे ओळखायचा कोड मी लिहिला. पहिल्याच फटक्यात शंभरातल्या ९७ चाचण्या बरोबर आल्या. दोन आठवडे मी स्लाइड बनवत होते. ग्रुप मीटिंगच्या आदल्या दिवशी एका सीनियर पोस्टडॉकने (पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याने) आकडा पाहिला आणि एवढंच म्हणाला, "कच्चा सिग्नल उघड." स्क्रीनवर ३८४ चॅनेलच्या रेघा एकाखाली एक पसरल्या. त्याने पाणी सुटण्याच्या क्षणाशी नेऊन चित्र मोठं केलं. सगळ्या रेघांवर एकाच क्षणी एक बारीक उभा काटा होता. "सगळ्या चॅनेलवर एकाच वेळी काही दिसलं तर ते न्यूरॉनमधून आलेलं नसतं. हा व्हॉल्व्ह आहे." पाणी सोडणाऱ्या झडपेचा विद्युत धक्का इलेक्ट्रोडने उचलला होता, स्पाइक वेगळे करणाऱ्या प्रोग्रामने त्याला पेशी समजून नाव दिलं होतं, आणि डाव्या-उजव्या झडपांच्या काट्याचा आकार किंचित वेगळा होता. माझा कोड मेंदू वाचत नव्हता, झडपा वाचत होता. पाणी सुटण्याआधीचाच वेळ घेतला तेव्हा आकडा ६८ वर आला. तो ६८ खरा होता, आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं.

हा धडा घरी बसून घ्यायचा असेल तर खुला डेटा भरपूर आहे. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटच्या नोंदी, डँडी, ओपनन्यूरो यांपैकी एखाद्या संग्रहातून डेटा उतरवा आणि त्यावर आधारित एखाद्या प्रसिद्ध पेपरमधली एकच आकृती स्वतःच्या कोडने पुन्हा काढा. पूर्ण पेपर नको, एक आकृती. पेपरच्या 'पद्धती' विभागात लिहिलेलं आणि आकृती काढायला प्रत्यक्षात लागलेलं यांतलं अंतर त्या दोन-तीन आठवड्यांत कळतं. कोणत्या चाचण्या वगळल्या, किती पेशी टाकून दिल्या, वेळेची खिडकी का तेवढीच घेतली, हे प्रश्न पडायला लागले की तुम्ही संशोधक म्हणून वाचू लागलात.

सोबत एरिक जोनास आणि कॉनराड कॉर्डिंग यांचा २०१७ चा पेपर वाचा. त्यांनी साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर असलेला जुना ६५०२ मायक्रोप्रोसेसर संगणकात हुबेहूब चालवला, त्यावर तीन व्हिडिओ गेम सुरू केले आणि मेंदूविज्ञानाच्या नेहमीच्या पद्धती त्याच्यावर लावल्या. एकेक ट्रान्झिस्टर बंद करून पाहिला, तेव्हा काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते गेले तर फक्त एकच गेम बंद पडतो. म्हणजे तो 'त्या गेमचा ट्रान्झिस्टर' झाला का? अर्थातच नाही. ज्या यंत्राचा प्रत्येक तार आपल्याला माहीत आहे, तिथेही या पद्धती खरं उत्तर देत नाहीत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मेंदूविज्ञानात काय घेऊन यावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

उन्हाळी शाळांसाठी वेळ काढा. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीतला कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचा कोर्स १९८८ पासून चालू आहे, आणि २०२० मध्ये सुरू झालेली न्यूरोमॅच अकॅडमी पूर्ण ऑनलाइन आहे. तिचं शिक्षणसाहित्य कुणालाही उघडता येतं.

पायरी ३ : पीएचडीची जागा आणि गाइड

विद्यापीठाचं नाव आधी आणि गाइड नंतर, असा क्रम बहुतेक जण लावतात. उलटा लावा. फक्त पद्धत देशागणिक वेगळी आहे हे लक्षात ठेवा. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो आणि साधारण पाच-सहा वर्षं लागतात. तिथल्या न्यूरोसायन्स प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये फिरून मग गाइड ठरतो. संगणकशास्त्र विभागात मात्र गाइड बऱ्याचदा प्रवेशावेळीच ठरलेला असतो. युरोपात सहसा मास्टर्सनंतर विशिष्ट गाइडच्या विशिष्ट प्रकल्पावर अर्ज करतात आणि तीन-चार वर्षांत प्रबंध अपेक्षित असतो. म्हणजे विषय बदलणाऱ्याला फिरून पाहायची मुभा असलेली पद्धत बरी, आणि प्रश्न आधीच पक्का असलेल्याला थेट प्रकल्पावर घेणारी पद्धत बरी. लंडनचं गॅट्सबी युनिट १९९८ मध्ये सुरू झालं आणि हिंटन त्याचे पहिले संचालक होते. तिथे सैद्धांतिक मेंदूविज्ञान आणि मशीन लर्निंग एकाच छताखाली शिकवतात. जर्मनीत बर्नस्टाइन केंद्रांचं जाळं आहे. अशा ठिकाणी दोन्ही तराजू एकाच इमारतीत असतात, हा फार मोठा फायदा.

गाइडला पाठवायच्या मेलबद्दल थोडं सविस्तर सांगते. "मला मेंदू आणि एआय यांत लहानपणापासून प्रचंड रस आहे, आपलं काम अत्यंत प्रेरणादायी आहे" अशा मेलना उत्तर येत नाही. त्यात वाईट काही नसतं, पण उत्तर देण्याजोगंही काही नसतं. हा मेल पाहा : "तुमच्या गेल्या पेपरमधल्या चौथ्या आकृतीत तिसऱ्या प्राण्याचा आलेख बाकीच्यांपेक्षा सपाट आहे. तुमचा खुला डेटा उतरवून पाहिला. त्या प्राण्याच्या चाचण्या निम्म्याच आहेत. बाकीच्या प्राण्यांच्या चाचण्याही तेवढ्याच घेतल्या तर त्यांचे आलेखही सपाट होतात. कोडची लिंक सोबत आहे. मला पुढे हा प्रश्न असा पाहायला आवडेल..." दहा ओळी. असा मेल मला आला तर मी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहीन, निष्कर्ष चुकीचा असला तरी.

बोलावणं आलं की लॅबच्या विद्यार्थ्यांशी गाइड समोर नसताना बोला. गेल्या पाच-सहा वर्षांत इथून बाहेर पडलेले आज कुठे आहेत? पहिला पेपर कितव्या वर्षी आला? मधेच सोडून गेलेले किती? गाइडशी मतभेद झाला तेव्हा काय झालं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ थांबतो, ते बघा.

दोन गाइड घेण्याचा मोह सीमेवरच्या प्रत्येकाला होतो. एक प्रयोगवाला आणि एक गणितवाला, हे जमलं तर सोनं. जमलं नाही तर विद्यार्थी दोन ग्रुप मीटिंगमध्ये बसून दोन वेगळे पीएचडी करतो. सुरुवातीलाच तिघांनी बसून एक पानभर लिहून ठेवा : मुख्य गाइड कोण, पैसे कुठून, कोणत्या विभागाच्या नियमांनी प्रबंध तपासला जाईल, पहिला पेपर जर्नलला की कॉन्फरन्सला, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. हे विचारायला संकोच वाटतो. तरी विचारा. चांगल्या गाइडला त्याचं वाईट वाटत नाही.

पायरी ४ : दोन घड्याळं सांभाळा

संगणकशास्त्राचं घड्याळ महिन्यांवर चालतं. न्यूरिप्ससारख्या मशीन लर्निंगच्या कॉन्फरन्सला वसंतात पेपर द्या, हेमंतापर्यंत तो छापलेला असतो. प्रयोगाचं घड्याळ वर्षांवर चालतं. प्राण्यांवरच्या कामाला नैतिक समितीची मंजुरी, मग शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण, मग प्राण्याला काम शिकवण्यात आठवडे किंवा महिने, मग नोंदी, मग विश्लेषण, आणि त्यानंतर जर्नलच्या रिव्ह्यूअरनी मागितलेला जादा प्रयोग. संगणकशास्त्रातल्या मित्राचे तीन पेपर होतात तेव्हा तुमचा पहिला उंदीर नीट चाटायला शिकलेला असतो. याने मन खचतं, आणि या तुलनेत काही अर्थ नसला तरी ती टळत नाही.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे कायम एक संथ आणि एक जलद काम हातात ठेवणं. संथ कामावर प्रबंध उभा राहतो. जलद काम म्हणजे जुन्या खुल्या डेटाचं नवं विश्लेषण, छोटं मॉडेल किंवा एखादं साधन. जलद काम संथ कामाच्याच प्रश्नाभोवतीचं हवं. ते भलतीकडे गेलं की प्रबंधाचे दोन तुकडे होतात आणि कुठलाच विभाग त्याला आपलं म्हणत नाही.

चुकांपैकी एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबायलाच हवं. आधी सगळ्या डेटातून 'आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या' पेशी निवडायच्या आणि मग त्याच डेटावर दाखवायचं, की बघा, या पेशी आवाजाला किती छान प्रतिसाद देतात! निकोलाउस क्रिगेस्कॉर्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या वर्तुळाकार विश्लेषणावर सविस्तर लिहिलं. मशीन लर्निंग शिकलेल्या माणसाला प्रशिक्षण आणि चाचणीचा डेटा वेगळा ठेवायचा हे तोंडपाठ असतं, तरी पेशी निवडण्याच्या पायरीवर तो विसरतो, कारण ती पायरी त्याला 'साफसफाई' वाटते. निवड अर्ध्या चाचण्यांवर करा, तपासणी उरलेल्या अर्ध्यांवर. दुसरी गोष्ट : हजार पेशी नोंदवल्या तरी प्राणी चारच असतील, तर तुमचा नमुना बऱ्याच प्रश्नांसाठी चारच आहे. मेंदूविज्ञानातल्या लहान नमुन्यांचा प्रश्न कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडला, आणि तो अजून संपलेला नाही.

नावांच्या क्रमाबद्दल प्रकल्प सुरू होतानाच बोला. मेंदूविज्ञानात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं वर्णानुक्रमे येतात. या दोन परंपरांतली माणसं एकत्र आली की गैरसमज ठरलेला. कुणी काय केलं ते पेपरच्या शेवटी लिहायची पद्धत आता बऱ्याच जर्नलमध्ये आहे. तिथे नेमकं लिहा, कारण विश्लेषण करणाऱ्याचं नाव मधे कुठेतरी हरवण्याचा धोका सीमेवरच्यांनाच जास्त असतो.

पायरी ५ : कुठे छापायचं

इथे दोन तराजूंमधला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. संगणकशास्त्रात नामांकित कॉन्फरन्सचा पेपर हेच मुख्य प्रकाशन. मेंदूविज्ञानात कॉन्फरन्स म्हणजे भेटीगाठी आणि पोस्टर. कोसाइनसारख्या गणनात्मक मेंदूविज्ञानाच्या उत्तम परिषदेतही फक्त सारांश जातो, तो पेपर म्हणून मोजला जात नाही. १९८७ मध्ये डेन्व्हरला भरलेल्या पहिल्या निप्सपासून, म्हणजे आजच्या न्यूरिप्सपासून, मेंदूवाले आणि यंत्रवाले एका मंचावर येत आले आहेत. तरी तिथला पेपर जीवशास्त्र विभागाच्या निवड समितीतल्या एखाद्याला नुसती 'प्रोसीडिंग्ज', म्हणजे परिषदेचा वृत्तांत, वाटू शकते. म्हणून सीव्हीमध्ये अशा प्रत्येक पेपरखाली एक ओळ लिहा : पूर्ण पेपर, समीक्षा झालेला, जर्नलच्या बरोबरीचा. उलट संगणकशास्त्राच्या समितीसाठी जर्नल पेपरखाली लिहा की यात तीन वर्षांचे प्रयोग आहेत. वाचणाऱ्याला माहीत असेल, असं गृहीत धरू नका.

काम तयार झालं की प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचा पेपर, खुल्या संग्रहात टाका. अर्काइव्ह १९९१ पासून आणि बायोअर्काइव्ह २०१३ पासून आहे, आणि आज दोन्ही विषयांत ते सर्वमान्य आहेत. सोबत कोड आणि डेटा द्या, आणि तो दुसऱ्याच्या संगणकावर चालतो हे एखाद्या मित्राकडून तपासून घ्या.

पायरी ६ : पोस्टडॉक

पोस्टडॉकमध्ये काहीतरी बदलायलाच हवं : पद्धत, प्राणी किंवा प्रश्न. तिन्ही एकदम बदलू नका. सेज्नोव्स्की प्रिन्स्टनमधली सैद्धांतिक पीएचडी संपवून हार्वर्डमध्ये स्टीफन कफ्लर यांच्या प्रायोगिक लॅबमध्ये गेले. सिद्धांत शिकलेल्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करायची ही उत्तम वेळ असते, कारण त्यानंतर स्वतःची लॅब आली की शिकायला सवड राहत नाही. भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्रातली पीएचडी घेऊन जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठी ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची वेगळी आंतरशाखीय फेलोशिप आहे. फेलोशिपच्या मुदती बऱ्याचदा पीएचडीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून प्रबंध जमा करण्याच्या वर्षभर आधीच त्या तारखा कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. मुदत टळली म्हणून हुकलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यावर काहीच इलाज नसतो.

लॅब निवडताना एक गोष्ट आवर्जून विचारा : जाताना मी काय घेऊन जाऊ शकतो? कोणता प्रश्न माझा आणि कोणता लॅबचा, हे पहिल्याच वर्षी ठरलं पाहिजे. तुमची पुढची नोकरी त्या 'माझ्या' प्रश्नावर मिळणार असते.

सहकार्य कसं असावं हे पाहायचं असेल तर ब्रँडाइस विद्यापीठातलं ईव्ह मार्डर आणि लॅरी अ‍ॅबट यांचं काम पाहा. मार्डर खेकड्याच्या पोटातल्या सुमारे ३० पेशींच्या गुच्छावर काम करतात. १९९३ मध्ये त्यांनी, अ‍ॅबट यांनी आणि सहकाऱ्यांनी डायनॅमिक क्लॅम्प ही पद्धत मांडली. जिवंत पेशीचा व्होल्टेज क्षणोक्षणी मोजायचा, एखादा आयन-मार्ग (पेशीच्या आवरणातली विद्युतभारित कणांची वाट) असता तर किती विद्युतप्रवाह वाहिला असता हे संगणकाने काढायचं, आणि तेवढाच प्रवाह लगेच पेशीत सोडायचा. पेशीला कळत नाही की तो मार्ग खरा नाही. अर्धं समीकरण आणि अर्धा जीव, एकाच तारेला जोडलेले. डेटा ईमेलने मागवून हे झालं नसतं. दोन्ही बाजू रोज एकमेकींच्या खोलीत येत-जात असाव्या लागतात.

कंपनीत जावं का, हा प्रश्न याच टप्प्यावर येतो. जायला हरकत नाही, आणि जाणाऱ्याकडे विद्यापीठातल्यांनी कमीपणाने पाहणं मला मुळीच मान्य नाही. फक्त परत यायची इच्छा असेल तर दोन गोष्टी करारात तपासा : काम प्रसिद्ध करता येईल का, आणि नाव तुमचं लागेल का. दोन-तीन वर्षं काहीच छापलं नाही, तर तुम्ही काय केलं हे निवड समितीला दिसायची सोय राहत नाही.

पायरी ७ : प्राध्यापकपद आणि स्वतःची लॅब

अर्ज दोन प्रकारच्या विभागांत करणार असाल तर संशोधन-निवेदन दोन वेगळी लिहा. नुसते शब्द बदलून भागत नाही, सुरुवातच वेगळी हवी. मेंदूविज्ञान विभागासाठी पहिल्या परिच्छेदात मेंदूबद्दलचं कोडं, संगणकशास्त्र विभागासाठी पहिल्या परिच्छेदात गणनेचा प्रश्न. मुलाखतीच्या भाषणात समोरचे अर्धे लोक दुसऱ्या विषयाचे असतील असं धरून पहिली दहा मिनिटं सोपी ठेवा. अमेरिकेतल्या जीवशास्त्र विभागांत फळ्यासमोर, स्लाइडशिवाय, पुढच्या पाच वर्षांची योजना मांडायला सांगतात. त्याचा सराव मित्रांसमोर निदान तीनदा करा, आणि त्यांना मधेच अडवायला सांगा. शिफारसपत्रं दोन्ही बाजूंच्या माणसांची हवीत. त्यासाठी पोस्टडॉकमध्येच दुसऱ्या बाजूच्या कुणाशी तरी खरं काम केलेलं असावं लागतं. पत्र ऐनवेळी उगवत नाही.

दोन विभागांत संयुक्त नेमणूक मिळाली तर आनंद होतो. पण सही करण्याआधी नेमणूकपत्रात पुढचं सगळं लेखी आहे का ते पाहा. कायम करण्याचा निर्णय कोणता एक विभाग घेणार. त्या समितीत दुसऱ्या विभागाचं कोण बसणार. न्यूरिप्सचा पेपर आणि जर्नलचा पेपर कसे मोजणार. शिकवण्याचा भार मिळून एक, की प्रत्येकी एक. समित्यांचं काम दुप्पट होणार नाही याची हमी कोण देणार. तोंडी आश्वासन देणारा विभागप्रमुख सहा वर्षांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही. प्रयोगाची जागा, प्राण्यांची सोय आणि जीपीयू (जड गणना करणाऱ्या चिप) यांचा खर्च कोणत्या खात्यातून, हेही त्याच पत्रात यावं.

लॅब सुरू झाल्यावर पहिल्या दोन नेमणुका फार विचार करून करा. माझा आग्रह असतो की एक प्रयोग करणारा आणि एक विश्लेषण करणारा घ्यावा, आणि दोघांची टेबलं एकमेकांना लागून ठेवावीत, वेगळ्या मजल्यांवर नकोत. नवीन आलेल्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यात दुसऱ्याचं एक काम पूर्ण करायचं : विश्लेषणवाल्याने एका प्राण्याच्या नोंदीच्या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून नोंदवही लिहायची, आणि प्रयोगवाल्याने आपल्याच नोंदीतून एक आलेख स्वतःच्या कोडने काढायचा. नोंदवहीचा ठरलेला नमुना छापून खोलीत लटकवून ठेवा : तारीख, प्राण्याचं वजन, इलेक्ट्रोडची खोली, चाचण्यांची संख्या, आणि शेवटी एक मोकळा रकाना, 'आज काय वेगळं घडलं'. तो रकाना रिकामा सोडायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.